आयरिश माणूस अमेरिकन कधी व्हायचा? (१७७६ ते १८२८ : कायदे, कागद आणि अडचणी)

दफ्तरखाना (धागाकर्ता)

आयरिश लोक आणि अमेरिका म्हटलं की आपल्याकडे गाडी बटाट्याच्या दुष्काळावरून पुढे सरकत नाही. तो दुष्काळ १८४५ चा. त्याच्या आधीही कित्येक दशकं आयरिश माणसं तिकडे जातच होती. ती नागरिक कशी झाली, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : "दोन वर्षं राहिलं की झालं." हे उत्तर १७९० ते १७९५ एवढ्याच काळापुरतं खरं आहे. बाकी काळाचं काय, यासाठी हा धागा.

पहिली गोष्ट, माणूस उतरला कधी ते विचारा. कायदा त्यावर ठरतो. ते न बघता कागद शोधायला लागलात तर जो कागद कधी बनलाच नाही त्यासाठी कपाटं उपसत बसाल.

१७७६ पूर्वी उतरलेला आयरिश माणूस परदेशी नव्हताच. आयर्लंडचा राजा तोच, वसाहतींचा राजाही तोच. ब्रिटिश संसदेचा १७४० चा नागरिकत्वाचा कायदा (सात वर्षं वास्तव्य आणि प्रॉटेस्टंट चर्चमधला प्रभुभोजनाचा विधी; क्वेकर आणि ज्यूंना त्या विधीतून सूट; कॅथलिकांना दार बंद) हा जर्मन, फ्रेंच वगैरे परक्या राजांच्या प्रजेसाठी होता. आयरिशांना त्याची गरज नव्हती. स्वातंत्र्याच्या वेळी जो तिथे होता आणि तिथेच राहिला, तो आपोआप नागरिक झाला. त्याच्या नावाचा नागरिकत्वाचा कागद नसतो. हरवलेला नसतो, मुळात नसतोच.

१७७६ ते १७९० : प्रत्येक राज्याचा आपला आपला कारभार. पेनसिल्व्हेनियाच्या १७७६ च्या घटनेत कलम ४२ होतं. सद्वर्तनी परदेशी माणसाने निष्ठेची शपथ घ्यायची, की त्याला जमीन घेता येई. एक वर्ष राहिला की जवळपास सगळे हक्क मिळत, फक्त प्रतिनिधी म्हणून निवडून येण्यासाठी दोन वर्षं लागत. न्यूयॉर्कच्या १७७७ च्या घटनेतही कलमाचा आकडा योगायोगाने ४२ च, पण सूर उलटा. तिथे परक्या सत्तेची निष्ठा "ऐहिक आणि धार्मिक दोन्ही बाबतींत" सोडायची होती. धार्मिक म्हणजे कोण? पोप. हा न्यूयॉर्कचे नेते जॉन जे यांचा आग्रह, आणि त्याचा रोख कॅथलिकांवर होता.

गंमत अशी की तेव्हाच्या संघराज्य करारानुसार एका राज्यातल्या रहिवाशाला दुसऱ्या राज्यातही हक्क मिळायचे. म्हणजे सोप्या राज्यात कागद करा आणि कडक राज्यात हक्क मागा. हे भोक बुजवायलाच १७८७ च्या राज्यघटनेत "सर्वत्र एकसारखा नियम" करायचा अधिकार अमेरिकी काँग्रेसकडे आला.

पुढचे टप्पे :

२६ मार्च १७९० : मुक्त गोरी व्यक्ती, देशात २ वर्षं, अर्ज करायच्या राज्यात १ वर्ष, चांगली वर्तणूक, राज्यघटनेची शपथ. बस्स.

२९ जानेवारी १७९५ : देशात ५ वर्षं, आणि त्याच्या किमान ३ वर्षं आधी "मी नागरिक होणार आहे" असं कोर्टात जाहीर करणं. सरदारकी वगैरे पदवी असेल तर ती सोडायची.

१८ जून १७९८ : ५ चे थेट १४ केले. जाहीर करणं ५ वर्षं आधी, राज्यातलं वास्तव्य ५ वर्षं. शिवाय नव्याने येणाऱ्या प्रत्येक गोऱ्या परदेशी माणसाने ४८ तासांत नोंदणी करायची.

१४ एप्रिल १८०२ : परत ५ आणि ३. पुढच्या शंभर वर्षांचा सांगाडा हाच.

२६ मे १८२४ : जाहीर करण्याचं अंतर ३ वरून २ वर्षं.

२४ मे १८२८ : येताच करायच्या नोंदणीची अट रद्द.

भर घाला, चुका काढा.

---

शंकासुर

वाचनखूण साठवली. "जाहीर करणं" म्हणजे नेमकं काय? इच्छापत्र का?

---

काळा_कोट

इच्छापत्र म्हणू नका हो, ते मेल्यावर वाचतात. तिकडे या कागदाला रोजच्या बोलण्यात "पहिला कागद" म्हणत आणि शेवटच्या अर्जाला "दुसरा कागद". आपणही इथे तेच म्हणू.

१८०२ च्या कायद्याखाली सगळा प्रकार असा चालायचा :

उतरल्यावर कोर्टाच्या कारकुनाकडे नोंदणी. त्यात नाव, जन्मस्थळ, वय, राष्ट्र आणि निष्ठा, कुठून निघाला, कुठे वस्ती करणार एवढं लिहायचं. कारकून दाखला देई. हा दाखला जपून ठेवायचा, कारण पाच वर्षं कधीपासून मोजायची ते पुढे यावरूनच ठरायचं.

मग पहिला कागद : शपथेवर सांगायचं की मला नागरिक व्हायचं आहे आणि परक्या राजाची निष्ठा कायमची सोडायची आहे. राजाचं नाव घेऊन. "ब्रिटनचा राजा" एवढं मोघम चालत नसे.

किमान तीन वर्षांनी दुसरा कागद : पाच वर्षं देशात, एक वर्ष त्या राज्यात, वर्तणूक चांगली, घटनेच्या तत्त्वांशी बांधिलकी, मग घटनेची शपथ आणि निष्ठात्याग. न्यायाधीशाची खात्री पटली की कारकून ते कोर्टाच्या वहीत चढवी आणि प्रत देई.

दोन्ही कागद एकाच कोर्टात करायची सक्ती नव्हती. पहिला फिलाडेल्फियात आणि दुसरा ओहायोत, असं चाले. पण मग पहिल्याची शिक्का मारलेली प्रत बरोबर न्यायची. माणूस पश्चिमेकडे सरकला आणि प्रत मागे राहिली की पंचाईत.

आणि "कोर्ट" म्हणजे कुठलंही कोर्ट नव्हे. राज्याचं कोर्ट असेल तर ते नोंदी ठेवणारं, कॉमन लॉचा (इंग्लिश परंपरेतल्या रूढी-निवाड्यांच्या कायद्याचा) अधिकार असलेलं, स्वतःचा शिक्का आणि स्वतःचा कारकून किंवा प्रोथोनोटरी (म्हणजे मुख्य कारकून) असलेलं हवं. गावच्या जस्टिस ऑफ द पीसपुढे घेतलेली शपथ फुकट जायची. (अवांतर : प्रोथोनोटरी शब्द ऐकून हसू नका. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत हे पद आजही आहे. पेनसिल्व्हेनियातही आहे. एकाच आजीची नातवंडं.)

---

फिलीकर

मूळ लेखात १७९८ चा कायदा एका ओळीत उरकलाय. आयरिशांच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा, म्हणून जरा सविस्तर.

१७९० च्या दशकात फिलाडेल्फिया राजधानी होती आणि शहरात आयरिशांची चांगली वस्ती. ही मंडळी जेफरसनच्या रिपब्लिकन पक्षाला मतं देत. सत्तेवरच्या फेडरलिस्टांना ते खुपायचं. जुलै १७९७ मध्ये नागरिकत्वाच्या दाखल्यावर २० डॉलर कर बसवायचा प्रस्ताव आला. मजुराला तो परवडणं शक्य नव्हतं, आणि हेतूही तोच होता. त्या चर्चेत मॅसॅच्युसेट्सच्या हॅरिसन ग्रे ओटिस यांनी "रानटी आयरिशांच्या झुंडी"ना आमंत्रण द्यायची आपली इच्छा नाही असं म्हटलं. २० डॉलरचा कर बारगळला, शेवटी ५ डॉलर ठरला. पुढच्या वर्षी आयर्लंडमध्ये युनायटेड आयरिशमेन या संघटनेचा ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला, तिकडून माणसं पळून येणार हे दिसायला लागलं, आणि इकडे एकाच उन्हाळ्यात चार कायदे झाले : नागरिकत्वाचा (१८ जून), मित्रराष्ट्रातल्या परदेश्यांनाही हाकलायचा अधिकार देणारा (२५ जून), शत्रुराष्ट्रातल्यांबद्दलचा (६ जुलै) आणि राजद्रोहाचा (१४ जुलै).

लंडनमधले अमेरिकी राजदूत रुफस किंग यांनी तर ब्रिटिश सरकारला कळवलं की तुमचे आयरिश राजबंदी आमच्याकडे पाठवू नका. त्यामुळे युनायटेड आयरिशमेनचे पुढारी थॉमस अ‍ॅडिस एमेट आणि त्यांचे साथीदार १८०२ पर्यंत स्कॉटलंडच्या फोर्ट जॉर्जमध्ये अडकून पडले. एमेट १८०४ मध्ये न्यूयॉर्कला पोचले आणि १८१२ मध्ये त्याच राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल झाले. काळाने घेतलेला सूड म्हणतात तो असा.

अजून एक. हे कडक नियम केवळ जन्माने अमेरिकन लोकांनीच मागितले असं नाही. १७८७ च्या घटना परिषदेत, दीर्घ वास्तव्याशिवाय परदेश्यांना आत घ्यायला ठाम विरोध करणाऱ्यांत पियर्स बटलर होते. त्यांचा जन्म आयर्लंडचा. आधी चढलेल्याने डब्याचं दार लावून घ्यावं, तसं.

---

शंकासुर

मग १७९८ ते १८०२ मध्ये आलेल्यांना १४ वर्षं थांबावं लागलं?

---

दफ्तरखाना

नाही. कागदावर १४, प्रत्यक्षात कुणाचीच १४ भरली नाहीत, कारण कायदा जेमतेम चार वर्षं टिकला. जेफरसन निवडून आले. डिसेंबर १८०१ च्या संदेशात त्यांनी म्हटलं की माणसाच्या आयुष्याचा भरवसा बघता चौदा वर्षं थांबा म्हणणं म्हणजे मागणाऱ्यांपैकी बऱ्याच मोठ्या हिश्श्याला नागरिकत्व नाकारणंच आहे. एप्रिल १८०२ मध्ये तो गेला.

त्या चार वर्षांतही आधीपासून तिथे असलेल्यांसाठी फटी होत्या. २९ जानेवारी १७९५ पूर्वीपासून राहणाऱ्याला एक वर्षाची मुदत होती, तेवढ्यात त्याने काम उरकायचं. १७९५ च्या कायद्याखाली पहिला कागद केलेल्याला तो केल्यापासून चार वर्षांत, पाच वर्षांच्या वास्तव्यावर, दुसरा करता येत होता.

समजा, एक माणूस सप्टेंबर १७९८ मध्ये उतरला. त्या दिवशीच्या कायद्याने त्याचं नागरिकत्व सप्टेंबर १८१२ मध्ये, म्हणजे ब्रिटनशी युद्ध चालू असताना. म्हणजे तेव्हाही नाहीच, शत्रूच्या प्रजेला युद्धात नागरिक करत नसत! पण १८०२ ने मुदत ५ वर आणली, आणि २६ मार्च १८०४ च्या पुरवणी कायद्याने १८ जून १७९८ ते १४ एप्रिल १८०२ या काळात इथे राहत असलेल्या आणि पुढेही राहिलेल्या माणसाला पहिल्या कागदातून पूर्ण सूट दिली. म्हणजे हा गडी १८०४ च्या उन्हाळ्यात साक्षीदार घेऊन कोर्टात गेला की एका फेरीत नागरिक.

वंशावळ शोधणाऱ्यांनी हे वहीत लिहून ठेवा. या तुकडीतल्या बऱ्याच लोकांचा पहिला कागद सापडत नाही, कारण तो करावाच लागला नाही.

---

काळा_कोट

१८०४ च्याच कायद्यातली दुसरी तरतूद राहिली. पहिला कागद करून माणूस दुसऱ्याच्या आधी मेला तर त्याची विधवा आणि मुलं नुसती शपथ घेऊन नागरिक होऊ शकत. पिवळ्या तापाच्या त्या काळात ही तरतूद केवळ शोभेची नव्हती.

मुलांचं : बाप नागरिक होताना मूल २१ च्या आतलं आणि अमेरिकेत राहत असलं तर तेही नागरिक. इथे बऱ्याच जणांची गफलत होते. धाकटा मुलगा आयर्लंडमध्ये आजीकडे ठेवला आणि बापाने इकडे शपथ घेतली, तर त्या दिवशी मुलाला काही मिळत नसे. मुलगा अमेरिकेत पोचण्याच्या तारखेवरून कोर्टात भांडणं होत, आणि ती भांडणं सहसा जमिनीपायी होत.

१८२४ पासून, १८ पुरे व्हायच्या आत आलेल्या मुलाला २१ नंतर एकाच वेळी दोन्ही कागद करता येऊ लागले. एकूण पाच वर्षं भरायची, त्यातली अल्पवयातली तीन धरून. म्हणून १८२४ नंतरच्या वह्यांत पहिला आणि दुसरा कागद एकाच तारखेचा दिसला तर ती कारकुनाची चूक समजू नका. तो पोरगा लहानपणी आला होता एवढाच त्याचा अर्थ.

---

हडसनकाठ

"जमिनीपायी" हा शब्द बरोबर पकडलात. नागरिकत्व कशाला हवं होतं, तर आधी जमीन आणि मग मत. इंग्लिश कॉमन लॉप्रमाणे परदेशी माणूस जमीन विकत घेऊ शके, पण सरकारला ती कधीही काढून घेता येई. आणि त्याला वारसाहक्काने जमीन मिळत नसे, त्याच्याकडून वारसाला जातही नसे. मालक मेला की जमीन राज्याकडे. काही राज्यांनी हा नियम सैल केला (पेनसिल्व्हेनिया त्यातलंच), काहींनी धरून ठेवला. १७९४ च्या 'जे तहा'च्या (जॉन जे यांनी ब्रिटनशी केलेल्या) नवव्या कलमाने त्या वेळी ब्रिटिश प्रजेच्या ताब्यात असलेल्या जमिनींना संरक्षण दिलं. नंतर घेतलेल्यांना नाही.

मताचा नियम राज्याचा, नागरिकत्वाचा नियम संघाचा. या दोन गोष्टी एकच समजल्या की घोळ होतो. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्यात पन्नास एकर जमीन आणि दोन वर्षं वास्तव्य असलेला माणूस नागरिक नसला तरी मत देऊ शकत होता. म्हणजे मतदार यादीत नाव आहे म्हणून तो नागरिक होता असं धरू नका.

उलट बाजूने न्यूयॉर्क. १७९० नंतर नागरिकत्वाचा नियम संघाचा झाला, त्यामुळे १७७७ ची ती धार्मिक अट नागरिकत्वासाठी उरली नाही. पण राज्यात पद घ्यायचं तर पोपची निष्ठा नाकारणारी शपथ होतीच. १८०६ मध्ये फ्रान्सिस कूपर हे कॅथलिक गृहस्थ विधानसभेवर निवडून आले तेव्हा ती काढावी लागली. नागरिक आहात, मत देता, पण खुर्चीवर बसायचं तर धर्म आड येतो, असा तो पंधरा-सोळा वर्षांचा मधला काळ.

---

फिलीकर

विल्यम डुएनचं प्रकरण कुणीच कसं काढलं नाही? आपल्याशी थेट संबंध आहे.

जन्म १७६०, न्यूयॉर्क वसाहतीत, लेक शँप्लेनजवळ, आईबाप आयरिश. क्रांतीच्या आधीच लहानपणी आयर्लंडला नेला गेला. पुढे कलकत्त्याला येऊन वर्तमानपत्र चालवलं आणि ईस्ट इंडिया कंपनीवर टीका केली. सर जॉन शोअर गव्हर्नर जनरल असताना कंपनीने त्याला पकडून जहाजात घालून परत पाठवलं. १७९६ मध्ये तो फिलाडेल्फियात, आणि १७९८ पासून 'अरोरा'चा संपादक, फेडरलिस्टांचा कर्दनकाळ. फेब्रुवारी १७९९ मध्ये सेंट मेरी या कॅथलिक चर्चच्या आवारात परदेश्यांविरुद्धच्या कायद्यांना विरोध करणाऱ्या अर्जावर आयरिशांच्या सह्या गोळा करताना मारामारी झाली, खटला झाला, ज्यूरीने डुएन आणि साथीदारांना सोडलं.

खरा पेच १८०१ मध्ये. एका दिवाणी दाव्यात प्रश्न आला की डुएन अमेरिकन नागरिक आहे का. जन्म अमेरिकेच्या भूमीवर! पण संघीय कोर्टात निष्कर्ष निघाला की तो जन्मला तेव्हा ती भूमी ब्रिटिश राजाची होती, स्वातंत्र्याच्या वेळी तो तिथे नव्हता, सबब तो ब्रिटिश प्रजाजन. १८०२ चा कायदा झाल्यावर त्याने रीतसर नागरिकत्व घेतलं. दफ्तरखान्यांचा पहिला नियम (स्वातंत्र्याच्या वेळी तिथे होता आणि राहिला) इथे उलट्या बाजूने लागू झालेला दिसतो.

---

शंकासुर

+१. कंपनीने हाकललेला माणूस अमेरिकेत परदेशी ठरतो, भारी आहे.

१८१२ च्या युद्धात काय झालं? सगळे आयरिश शत्रू?

---

काळा_कोट

कायद्याने, होय. जो नागरिक झालेला नाही तो ब्रिटिश प्रजाजन, म्हणून शत्रुराष्ट्राचा माणूस. संघाच्या मार्शलांकडे (संघीय कोर्टांच्या अधिकाऱ्यांकडे) जाऊन नाव, वय, घरातली माणसं, धंदा, देशात किती काळ, हे सगळं नोंदवायचं होतं. १८१३ मध्ये भरतीच्या पाण्यापासून ४० मैल आत हटायचे हुकूम निघाले, मुख्यतः व्यापाऱ्यांना. मार्शलांच्या या याद्या आज सोन्यासारख्या आहेत, कारण १८२० पूर्वी जहाजाच्या प्रवाशांची देशभराची अशी यादीच नाही. (प्रवासी यादी सक्तीची करणारा कायदा मार्च १८१९ चा, अंमल १८२० पासून.)

दुसऱ्या कागदाचं म्हणाल तर, ज्या देशाशी युद्ध चालू आहे त्याच्या प्रजेला नागरिक करून घ्यायचं नाही असं १८०२ च्या कायद्यातच होतं. ३० जुलै १८१३ ला फट पाडली : १८ जून १८१२ पूर्वी (त्या दिवशी युद्ध पुकारलं) पहिला कागद केलेला असेल, किंवा त्या दिवशी पहिल्या कागदाची गरजच नसलेला असेल, तर युद्ध चालू असतानाही दुसरा करता येईल.

दोन माणसं घ्या, एकाच जहाजातून मे १८११ मध्ये आयर्लंडच्या डेरी बंदरातून आलेली. पहिल्याने लगेच त्या वर्षी पहिला कागद केला : तो मे १८१६ मध्ये नागरिक. दुसऱ्याने "बघू, काय घाई आहे" म्हटलं, युद्ध आलं. फेब्रुवारी १८१५ मध्ये तह मंजूर झाल्यावर त्याने पहिला कागद केला तर दुसरा १८१८ च्या आधी नाही. एका कंटाळ्याची किंमत दोन वर्षं. आणि जर त्याने कधीच काही केलं नाही, तर १८२८ च्या कायद्याने १४ एप्रिल १८०२ ते १८ जून १८१२ या काळात राहत असलेल्यांना पहिला कागद माफ झाला, त्यात तो बसतो. फक्त साक्षीदार भक्कम हवेत.

---

हडसनकाठ

याच ठिकाणी सगळ्यात मोठा सापळा. ३ मार्च १८१३ च्या खलाशांसंबंधीच्या कायद्यात एक कलम घुसलं : पाच वर्षांच्या वास्तव्यात माणूस अमेरिकेच्या हद्दीबाहेर *एकदाही* गेलेला नसावा. हे २६ जून १८४८ पर्यंत टिकलं. खलाशी, नायगारापलीकडे कामाला जाणारे मजूर, आईला भेटायला परत जाऊन आलेला कुणीही, सगळ्यांचा काटा परत शून्यावर.

आणि कॅनडातून येणं ही अपवादात्मक गोष्ट नव्हती. १८०३ च्या ब्रिटिश प्रवासी कायद्याने ब्रिटिश जहाजाला दोन टनांमागे एक प्रवासी घ्यायची मुभा दिली, परदेशी (म्हणजे अमेरिकीही) जहाजाला पाच टनांमागे एक. साहजिकच अमेरिकेचं भाडं महाग झालं. गरीब आयरिश माणूस क्वेबेक किंवा न्यू ब्रन्सविकला स्वस्तात उतरायचा आणि चालत सीमा ओलांडायचा. सीमेवर कुणी विचारत नसे, यादी नाही, नोंदणी नाही. पाच वर्षं मात्र अमेरिकेत पाऊल टाकल्यापासून मोजायची, क्वेबेकला उतरल्यापासून नव्हे. ते पाऊल कधी पडलं हे सिद्ध करणार कोण?

---

वंशावळ

साक्षीदार. इथेच बहुतेक अर्ज लंगडायचे, म्हणून यावर थोडं.

१८०२ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की वास्तव्य सिद्ध करायला अर्जदाराची स्वतःची शपथ चालणार नाही. "मी पाच वर्षं इथे आहे" असं त्याने शंभरदा सांगितलं तरी उपयोग नाही. दुसऱ्या कुणीतरी शपथेवर सांगायचं. हा दुसरा सहसा आधीच नागरिक झालेला गाववाला, सासरा, मेव्हणा किंवा खाणावळवाला असे. म्हणून दुसऱ्या कागदावर साक्षीदाराचं नाव दिसलं तर ते अर्जदाराच्या नावाइतकंच महत्त्वाचं धरा. आयर्लंडमधलं गाव अर्जदाराच्या कागदावर नसतं ते कधी कधी साक्षीदाराच्या कागदावर सापडतं.

कागदांकडून काय अपेक्षा ठेवायची :

दुसऱ्या कागदावर देशाच्या जागी बहुधा "आयर्लंड" एवढंच. परगणासुद्धा नाही. जन्मस्थळ मिळण्याची आशा १८०२ ते १८२८ मधल्या नोंदणीत, कारण ते लिहिणं तिथे सक्तीचं होतं. ही नोंदणी उतरतानाच व्हायला हवी होती, पण अनेक जण ती दुसऱ्या कागदाच्या आदल्या दिवशी उरकत. म्हणून नोंदणीची तारीख ही उतरल्याची तारीख समजू नका. आतला मजकूर वाचा.

२२ मार्च १८१६ च्या कायद्यापासून, १८ जून १८१२ नंतर आलेल्यांच्या दाखल्यात नोंदणीचा आणि पहिल्या कागदाचा मजकूर उतरवणं सक्तीचं झालं. त्यामुळे त्या बारा वर्षांतले दाखले लांबलचक आणि आपल्यासाठी फार उपयोगी.

धंद्याच्या रकान्यावर विश्वास ठेवू नका. कुशल कारागिरांनी देश सोडायला ब्रिटिश कायद्याने १८२४ पर्यंत बंदी होती. विणकर जहाजावर चढताना "मजूर" होई आणि उतरल्यावर परत विणकर.

शेवटी, १९०६ पूर्वी एक ठरलेला नमुना नाही, मध्यवर्ती कचेरी नाही. त्या वर्षी संघाची कचेरी उभी राहीपर्यंत प्रत्येक कोर्टाची वही वेगळी. शहरातल्या माणसाने चार कोर्टांपैकी जिथे रांग कमी तिथे काम केलेलं असतं. एका कोर्टात नाव नाही म्हणजे नागरिक नव्हता असं नाही. शेजारच्या परगण्यातही बघा.

---

शंकासुर

कारकुनाने चूक केली असेल, पहिल्या कागदाचा उल्लेखच नसेल, तर नंतर कुणी नागरिकत्व रद्द करू शके?

---

काळा_कोट

अवघड होतं. १८१० मध्ये कँपबेल विरुद्ध गॉर्डन या दाव्यात अमेरिकी सुप्रीम कोर्टापुढे हेच आलं. माणूस स्कॉटिश होता, पण नियम सगळ्यांना तोच. वर्तणुकीबद्दल कोर्टाची खात्री पटली होती असा उल्लेख दाखल्यात नव्हता. कोर्ट म्हणालं, शपथ देवविली याचाच अर्थ खात्री पटली होती. १८३० मध्ये स्प्रॅट विरुद्ध स्प्रॅटमध्ये, जो आयरिश माणसाच्या जमिनीचा दावा होता, सरन्यायाधीश मार्शल यांनी हेच अजून ठाम केलं : नागरिकत्व देणं हा कोर्टाचा निवाडा आहे, आणि निवाड्यामागचा पुरावा दुसऱ्या दाव्यात परत उकरता येत नाही.

म्हणूनच खोटे साक्षीदार उभे करून काम उरकण्याला पुढे एवढं पेव फुटलं. एकदा वहीत चढलं की चढलं.

---

चिकित्सक

एक प्रश्न. आयरिशांना तेव्हा "गोरे" मानत नव्हते असं सतत वाचतो. मग १७९० च्या "मुक्त गोरी व्यक्ती" या अटीत ते बसले कसे?

---

दफ्तरखाना

समाजात त्यांना कसं वागवलं ही एक गोष्ट, कायदा दुसरी. नागरिकत्वाच्या कायद्यापुरते आयरिश पहिल्या दिवसापासून गोरे होते. ओटिस त्यांना रानटी म्हणाले, गोरे नाहीत असं म्हणाले नाहीत. त्यांना अडवायला वर्षं वाढवावी लागली, कर सुचवावा लागला, धर्माची शपथ आणावी लागली, ती याचमुळे.

तो शब्द खरा टोचला तो आपल्या लोकांना. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना गोरे मानून न्यूयॉर्कमध्ये नागरिकत्व मिळालं आणि १९१० मध्ये अपिलात ते टिकलं. पण १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या दाव्यात सुप्रीम कोर्टाने भारतीय "गोरे" नाहीत असा निकाल दिला. भारतीयांसाठी दार उघडलं १९४६ मध्ये. आयरिशांचं भांडण पाच वर्षं की चौदा यावर होतं. आपलं रांगेत उभं राहता येतं का यावर.

---

शंकासुर

शेवटचा प्रश्न, मग गप्प बसतो. अमेरिकेने नागरिक केलं, पण ब्रिटन मानत होतं का?

---

हडसनकाठ

नाही. एकदा राजाचा प्रजाजन तो मरेपर्यंत प्रजाजन, हा ब्रिटिश सिद्धांत. कोर्टात राजाचं नाव घेऊन निष्ठा सोडली तरी राजाने ती सोडलेली नसे! म्हणून ब्रिटिश नौदल अमेरिकी जहाजांवरून आयरिश खलाशी ओढून नेई, खिशात नागरिकत्वाचा दाखला असला तरी. ऑक्टोबर १८१२ मध्ये क्वीन्स्टन हाइट्सच्या लढाईत पकडलेल्या अमेरिकी सैनिकांतून जन्माने आयरिश असलेले २३ जण वेगळे काढून राजद्रोहाच्या खटल्यासाठी इंग्लंडला पाठवले. त्यांच्याबरोबरच कैद झालेले अमेरिकी सेनाधिकारी विनफिल्ड स्कॉट सुटून आल्यावर अमेरिकेने तेवढेच ब्रिटिश कैदी ओलीस धरले, आणि त्या खटल्यांचं पुढे काही झालं नाही.

ब्रिटनने हा हट्ट सोडला १८७० मध्ये, कायदा करून आणि अमेरिकेशी करार करून. तोवर दाखला खिशात ठेवून आयर्लंडला आईच्या अंत्यविधीला गेलेला माणूस डब्लिनच्या धक्क्यावर उतरला की परत राणीची प्रजा.

---

वंशावळ

राजाच्या नावावरून आठवलं. दाखल्यावर तारीख फाटली असेल तर राजाचं नाव बघा : तिसरा जॉर्ज जानेवारी १८२० पर्यंत, चौथा जॉर्ज जून १८३० पर्यंत, चौथा विल्यम जून १८३७ पर्यंत, मग व्हिक्टोरिया. फक्त दोन-तीन महिन्यांचं माप सैल धरा. राजा मेल्याची बातमी शिडाच्या जहाजाने यायची, आणि ती येईपर्यंत कोर्टात मेलेल्या राजाचीच निष्ठा सोडली जात असे.